लंगोट पांढरे का?

परातवाल्या बाबांच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. कावीळ झालेल्याच्या अंगावरून बाबा हात फिरवत, मग ते हात परातीवर धरत. शिष्य त्यावर मंतरलेलं पाणी ओती आणि परातीत पडे ते पिवळंजर्द.

"बघा, निघाली पिवळी पीडा. आत थेंबभर राहिली तर नाव बदलीन," बाबा म्हणाले. त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नसल्याने त्यात धोका काहीच नव्हता.

पुढेच लाँड्रीवाल्या आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. पोर महिन्याचं झालं तरी पिवळंच. बाबांनी त्याचीही पीडा परातीत उतरवली.

"शी पांढरीफटक होते हो," आजी म्हणाल्या.

"विष गेल्याची खूण."

आजींचा जीव भांड्यात पडला. उभा जन्म लोकांचे डाग काढण्यात गेलेला. "माझ्या नातवाचे लंगोट साबणच मागत नाहीत," असं त्या गिऱ्हाइकांना ऐकवू लागल्या. लघवीचे गडद पिवळे डाग घासूनही जात नव्हते, ते मात्र सांगत नसत.

सुनेला काही हे पटेना. बाळाला लस टोचून घ्यायला गेली तेव्हा आजींसमोरच तिने डॉक्टरीणबाईंना लंगोट दाखवला. बाईंचा चेहरा उतरला.

"यकृतातलं पित्त नळीतून आतड्यात येतं. शीचा पिवळा रंग त्याचाच. क्वचित एखाद्या बाळाची ही नळी जन्मतःच बंद असते. मग पित्त आत तुंबतं आणि यकृत कडक होत जातं. तपासण्या आजच करू. नळी बंद निघाली तर ऑपरेशनला उशीर नको, जिवावर बेतेल."

"एवढ्याशा जिवाच्या पोटाला सुरी? मुळीच नाही. पिवळं पाणी मी या डोळ्यांनी पाहिलंय," म्हणत आजींनी नातवाला उचललं. घरात त्यांच्यापुढे कुणाचं चालत नसे, मुलाचं तर नाहीच.

असेच तीन आठवडे गेले. आजींची भक्ती फार. बाबांचे सदरे त्यांनी मुद्दाम मागून धुवायला आणले होते. बाह्यांच्या टोकांना फिकट तपकिरी डाग होते. आजींनी सदरा धुण्याच्या सोड्यात बुडवला आणि बाह्या पिवळ्याजर्द झाल्या. तोच रंग, अगदी परातीतला. त्यांनी दुसरा बुडवला. तोही तसाच.

सून शेजारीच उभी होती. "आई, सदऱ्यांना कावीळ कधी झाली?"

आजी ओल्या हातांनीच नातवाला घेऊन दवाखान्याकडे निघाल्या. बाईंनी तिथे सगळा उलगडा केला. हातांना आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आधीच चोळून वाळवायचा, तांब्यात मंत्राऐवजी चुन्याची निवळी घ्यायची. दोन्ही भेटले की पाणी पिवळं, आणि धुण्याच्या सोड्यातही तेच. बाळ असो वा उशी, परात पिवळी होणारच. शिवाय बहुतेक तान्ह्यांची कावीळ आपोआपच ओसरते, ती सगळी बाबांच्या पुण्याईत जमा.

तपासण्यांत नळी बंदच निघाली. ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडला आणि पित्त वाहू लागलं.

"पण यकृताला थोडी इजा झाली आहे. पुढे लक्ष ठेवावं लागेल," बाई म्हणाल्या. "आणखी आधी आला असतात तर बरं झालं असतं."

तो उशीर कुणामुळे झाला हे आजींना कुणी सांगावं लागलं नाही. त्या तिथेच बाकावर बसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी आजी बाबांच्या हॉलमध्ये गेल्या. "बाबा, साबणाने हात धुवा आणि नळाच्या पाण्याने परात पिवळी करून दाखवा."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. शिष्य म्हणाला, "आज मौन आहे."

रांगेत एक पोरसवदा आई पिवळ्या बाळाला थोपटत होती. आजी तिच्यापाशी खाली बसल्या.

"शी कसल्या रंगाची होते गं?"

"पांढरी. बाबा म्हणाले, चांगलं आहे."

"मलाही हेच म्हणाले, आणि मी ऐकलं. तू ऐकू नकोस. मंत्र खरा की खोटा ते मागाहून ठरव, आधी बाळाला तपासून घे. चल, मी येते बरोबर."

ती आई परातीकडे पाहत राहिली, मग बाळाला सावरून उठली. एक जागा रिकामी झाली म्हणून मागचे सगळे आनंदाने पुढे सरकले.