मुंडक्याचा मान

समद्दारांच्या घरी रोहू मासा शिजला की मुंडकं कुणाच्या ताटात जाणार, हा प्रश्नच कधी नव्हता. पंचेचाळीस वर्षं ते भवतोषबाबूंच्याच ताटात पडत आलं. बंगालातल्या काटव्याच्या घाटावर होड्यांची तिकिटं फाडण्यात त्यांची उभी हयात गेली. बाहेर त्यांना विचारतो कोण? पण घरात मुंडकं त्यांचं. ते कडकड हाडं फोडत जेवायचे, आणि कनकलता, त्यांची बायको, समोर पंखा हलवत बसायची.

ती कनकलता गेली त्याला चौदा दिवस झाले. भवतोषबाबू रडले नाहीत. लोक म्हणाले, धक्का बसलाय हो! धक्का कसला? त्यांना काही वाटतच नव्हतं. उठा म्हटलं की उठायचे, बसा म्हटलं की बसायचे. सुतकाचं जेवण म्हणजे गुरगुट्या भात, तूप, उकडलेलं कच्चं केळं. सगळं मऊ. त्यामुळे त्यांची हलणारी दाढ कुणाच्या लक्षात आली नाही.

आज मात्र नियमभंग, म्हणजे सुतकाचे नियम सोडायचा दिवस. श्राद्ध काल उरकलं होतं, आज घरात पुन्हा मासा शिजणार होता, आणि पहिलं ताट सगळ्या नातलगांदेखत कर्त्या पुरुषाचं. हाड फोडणं जमलं नाही तर मुंडकं मुलाच्या, सुबीरच्या, ताटात जाणार आणि आपल्या वाटीत पेज येणार, हे भवतोषबाबूंना पक्कं ठाऊक होतं. तेवढं एक त्यांना नको होतं. बाकी कशाचं काही नव्हतं.

सकाळी ‘जरा फिरून येतो’ म्हणून ते बाजारातल्या दातांच्या डॉक्टरणीकडे गेले.

‘‘आजोबा, ही तर नुसती लटकलीय,’’ ती म्हणाली. ‘‘हिरड्या पार मागे सरल्यात. आतलं हाड झिजलंय, मग दात धरणार कशाला? अजून पाच हलताहेत. इतकी वर्षं केलंत काय?’’

‘‘पान-सुपारी खाल्ली.’’

‘‘छान केलंत!’’ तिनं इंजेक्शन देऊन दाढ काढली. ‘‘बरं, दाढ निघाली. तीन तास काही खायचं नाही. तोंड बधिर आहे, स्वतःचा गाल चावाल तरी पत्ता लागणार नाही.’’

पत्ता लागणार नाही! भवतोषबाबूंना हायसं वाटलं. म्हणजे हाड लागलं तरी दुखणार नाही. घरी येताना त्यांनी तोंडातला कापूस गटारात टाकून दिला.

दुपारी पंगत बसली. सुनेनं, मल्लिकानं, मुंडकं वाढलं. कनकलताचा धाकटा भाऊ गोपेन शेजारीच होता.

‘‘होऊ द्या भावजी! कडकड ऐकू आली पाहिजे!’’

आली. भवतोषबाबूंनी हाड फोडलं. चव नव्हती, दुखणं नव्हतं, जिभेला काही कळत नव्हतं. ते चावत राहिले.

‘‘ऐका! चौऱ्याहत्तरी उलटली तरी दात बघा!’’ गोपेन म्हणाला. ‘‘नाहीतर मी! पेरूसुद्धा किसून खातो!’’

पंगत हसली. मल्लिका भात घेऊन वाकली आणि तशीच थांबली. सासऱ्यांच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. ताटातला भात लाल झाला होता. चावण्याच्या भरात त्यांनी ओठ आणि गाल चावून फोडले होते, आणि त्यांना खबरच नव्हती.

मल्लिकानं पंगतीकडे पाठ करून त्यांना आड घेतलं. ‘‘काटा लागलाय बाबांना,’’ ती मोठ्यानं म्हणाली आणि ताटासकट त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली.

तिनं त्यांना गार पाण्यानं चूळ भरायला लावली, ओठाला बर्फ धरला. रक्त थांबल्यावर मुंडक्यातला मऊ भाग बोटांनी काढून तिनं तो वाटीतल्या ताज्या भातात चिमटीनं चिमटीनं मळला. हात असा सराईत चालला होता की भवतोषबाबू बघतच राहिले.

‘‘हे कुठं शिकलीस, सूनबाई?’’ शब्द बोबडे आले.

‘‘आईंना असंच द्यायचे की.’’

‘‘तिला? कशाला?’’

मल्लिकाचा हात थांबला. ‘‘बाबा, आईंना वरचा एकही दात नव्हता. नऊ वर्षं झाली. तुमचं झाल्यावर जेवायच्या, तोंडावर पदर घेऊन. मला शपथ घातली होती, ‘यांना सांगू नकोस’ म्हणून.’’

पदर! तो त्यांना तिचा लाजाळूपणा वाटायचा.

‘‘मुंडक्यातला डोळ्यामागचा भाग त्यांना फार आवडायचा. तुमच्या ताटात उरला तर मी काढून द्यायचे.’’

‘‘मी उरवायचो?’’

मल्लिकानं भात पुन्हा मळायला घेतला. ‘‘कधीतरी,’’ ती म्हणाली.

भवतोषबाबूंनी आठवून पाहिलं. त्यांना एकही दिवस आठवला नाही. त्यांनी वाटी तिच्यापुढे सरकवली. ‘‘तू खा.’’

‘‘अहो, बाहेर सगळे बसलेत, मी कशी...’’

‘‘खा म्हणतो ना. मी बसतो इथं.’’

तिनं खाल्लं. ते समोर बसून राहिले. चारच्या सुमारास इंजेक्शन उतरलं. आधी ओठ दुखू लागला, मग गाल, मग दाढेची जागा. पाहुणे निघाले होते. निरोप घ्यायला आलेला गोपेन दारातच थबकला.

‘‘भावजी, रडताय?’’

‘‘दाढ दुखतेय,’’ भवतोषबाबू म्हणाले. ते खरंही होतं. रडताना त्यांनी कनकलताच्या पदरासारखा हात तोंडावर धरला नाही.