कामाची पेटी

"पुसू नका म्हणे. ओलं फडकं नको, कोरडं फडकं नको, नुसती फुंकर मारा! तलवार आहे का बशीतला चहा?"

काचेच्या कपाटाशी वाकून सफाईवाली स्वतःशीच पुटपुटत होती. मी शेजारी स्टुलावर बसून पडद्याची उसवलेली कड शिवत होते. हसू दाबायला मला दोरा दातांत धरावा लागला. बाईचं काही चुकत नव्हतं. पण तिनं ओलं फडकं फिरवलं असतं, तर घराण्याचा पिढ्यान् पिढ्यांचा पराक्रम बादलीत पिळून निघाला असता.

तलवार लाकडाची आहे. वरून चंदेरी रंग, मुठीला काचेचे खडे, आणि फार नवी दिसू नये म्हणून चहाच्या पाण्याचा हात. खरी तलवार आईसाहेबांनी, म्हणजे माझ्या ताईच्या सासूबाईंनी, विकली त्याला खूप वर्षं झाली. राज्य गेलं होतं, राजवाडा गळत होता, आणि गळतं छप्पर काही पराक्रमानं थांबत नाही. रिकामं कपाट बघून पाहुणे काय म्हणतील, या धास्तीनं आईसाहेबांनी अंथरूण धरलं. तेव्हा ताईनं कुणाला न विचारता स्टुडिओतल्या जुन्या सुताराला बोलावून घेतलं. तलवार त्याची, सिंहासन त्याचं, भिंतीवरच्या ढालीही त्याच्याच. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणीच नाही.

न बोलण्यात या घराचा हात कुणी धरणार नाही. ताई सिनेमात होती, हेही इथे कुणी बोलत नाही. नुसती होती नाही, नायिका होती. आम्ही सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत वाढलो. ती गर्दीतली एक म्हणून स्टुडिओत शिरली, आणि पुढे तिच्या एकटीच्या नावावर थिएटरं भरायला लागली. या राजवाड्यात तिचं पहिलं पाऊल पडलं तेही शूटिंगसाठी, राणीच्या भूमिकेत. राजेसाहेब तेव्हा तरुण होते. शूटिंग बघता बघता त्यांना शहाणपणा आवरला नाही.

"आमच्या घरातल्या राण्या अशा चालत नाहीत," ते म्हणाले.

"नसतील," ताई म्हणाली. "म्हणून तर त्यांना बघायला कुणी तिकीट काढत नाही."

वर्षाच्या आत लग्न झालं. आईसाहेबांनी एकच अट घातली: त्या कामाचं नाव या घरात निघता कामा नये. ताईनं शब्द दिला आणि पाळला. तारांबळ उडाली ती बाकीच्यांची. कुणी 'पूर्वीचा छंद' म्हणे, कुणी 'कलेची आवड'. टीव्हीवर तिचा सिनेमा लागला, की कुणाला तरी नेमकं तेव्हाच टीव्हीसमोर उभं राहून घड्याळाला चावी द्यायची असे. पण गंमत चालण्याची. ताई अजूनही तशीच चालते, सिनेमातल्या राणीसारखी, आणि हळूहळू सगळं घरच तसं चालायला लागलं. पायांत बळ होतं तोवर आईसाहेबसुद्धा.

राजेसाहेब गेल्यापासून कारभार माझ्या भाच्याकडे आहे. उद्यापासून राजवाडा लोकांना बघायला खुला व्हायचा होता, म्हणून तो सकाळपासून दरबारात कुठल्या वस्तूखाली कुठली पाटी ते सांगत फिरत होता, आणि पेंटर डबा-ब्रश घेऊन त्याच्या मागे. आईसाहेब चाकाच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. त्या झोपल्यात की ऐकताहेत, हे त्यांच्या डॉक्टरांनाही कधी सांगता आलेलं नाही.

ताई आली ती हातात मेकअपची पेटी घेऊनच. पत्र्याची, कोपरे चेपलेली. आतल्या आरशाला तडा, एक झिजलेला पफ, भुवया कोरायच्या पेन्सिलीचं थोटूक, ग्लिसरीनची रिकामी बाटली. तलवारीशेजारचं एक कपाट मोकळं होतं. त्यात तिनं पेटी ठेवली, झाकण उघडलं, आणि मागे सरून उजेड कसा पडतोय ते बघितलं.

"आई, हे काय?" भाच्यानं विचारलं.

"माझी पेटी. इथे राहू दे."

भाचा मनानं वाईट नाही. आजीच्या हाताखाली वाढलाय, एवढंच. "अगं, तिथे चांदीची दौत यायचीय. पेटी तुझ्या खोलीत छान आहे की."

"खोलीतून ती माळ्यावर जाईल आणि माळ्यावरून भंगारात. मी गेल्यावर कोण बघणार आहे?"

"असं काय बोलतेस?"

"या घरात आल्यापासून मी काही मागितलंय? आज मागतेय. एवढं एक कपाट."

माझी सुई थांबली. ताईला मागताना मी कधी ऐकलंच नव्हतं. आमच्या त्या खोलीतसुद्धा ती मागायची नाही, आणायची.

"मावशी, तू तरी सांग ना हिला," भाचा माझ्याकडे वळला.

"मी शिवतेय," मी म्हटलं.

"हे बघ आई," तो शेवटी म्हणाला, "या दालनात फक्त अस्सल वस्तू ठेवायच्या, असं ठरलंय."

बोलून गेला बिचारा. शब्द सुटल्यावर त्याचे कान लाल झाले आणि त्याला एकाएकी छताची नक्षी फार आवडायला लागली. मी पडद्यात तोंड खुपसलं. ताई तेवढी तलवारीकडे सरळ बघत राहिली. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलली असती तर पेटी जागच्या जागी राहिली असती. बोलली नाही. या घराण्याची अब्रू घराण्यापेक्षा जास्त सांभाळली ती सायकलच्या दुकानावरच्या पोरीनं, आणि ती माझी बहीण आहे, म्हणून माझी छाती दोन बोटं फुगली.

पेंटरला त्याच्या कामाची घाई. "मग पेटीला पाटी करायची का नाही, साहेब?"

"कर बाबा," भाचा वरमून म्हणाला. "लिही, राणीसाहेबांची शृंगारपेटी."

"शृंगारपेटी नाही," ताई म्हणाली. "कामाची पेटी. या पेटीनं आमचं घर जगवलंय."

"अगं, लोक विचारतील, कसलं काम?"

ताईकडे उत्तर होतं, पण शब्दही दिलेला होता. मग तिनं कपाट उघडलं, पेटी उचलली, झाकण लावलं.

"राहू दे. खोट्या पाटीवर ती बसायची नाही."

आणि ती दाराकडे निघाली. तीच चाल. पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

"ठेव ती जागेवर."

आईसाहेबांचे डोळे उघडे होते.

"आजीसाहेब, तुम्ही दमाल हो," भाचा पुढे धावला.

"बसून बसून माणूस किती दमणार? सर बाजूला. पेंटर, आधी तलवारीखाली लिहा. खरी तलवार थोरल्या राणीनं विकली. ही सुनेनं करून घेतली. सिंहासनाला तेच, ढालींना तेच."

"आजीसाहेब, उद्या लोक येणार आहेत!"

"येऊ देत. तिनं इतकी वर्षं माझी लाज झाकली, मी तिचं नाव झाकलं. पुरे झालं." मग त्या पेंटरकडे वळल्या. "आता पेटीची पाटी."

"काय लिहू, आईसाहेब?"

त्यांनी ताईकडे बघितलं. स्वतःच बंदी घातलेला शब्द, तोंडात यायला वेळ लागला.

"नटी," त्या म्हणाल्या. "माझी सून नटी आहे. मोठ्या अक्षरांत लिहा."