हिरवे कापड

"अहो, पाय हलवू नका ना. सगळं पाणी सांडतंय."

"मी कुठं हलवतोय? तोच हलतोय. माझं कधी ऐकलंय त्यानं?"

मास्तर शिलाई मशीनपुढच्या खुर्चीतच बसले होते, गळ्यात टेप तशीच. खाली जमिनीवर बसून बायकोने त्यांचा उजवा पाय टबातल्या कोमट मीठपाण्यात धरून ठेवला होता. मास्तरांची शुगर जुनी. तिने तळपायांची जाणीव कधीच नेली होती. मध्यंतरी दुकानातली टाचणी मोज्यातून तळव्यात रुतली आणि मास्तर दिवसभर तशाच पायाने मशीन मारत राहिले. संध्याकाळी मोजा काढताना ती बायकोच्या बोटाला टोचली तेव्हा कुठे उलगडा झाला. ती किंचाळली, तर मास्तर आपले हसतायत.

"बघ, टाचणी माझी, पाय माझा, आणि बोंब तू मारतेस!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी हा शेक. तिच्या आईने पोरांची प्रत्येक जखम कोमट मीठपाण्याने बरी केली होती, त्यापलीकडे दुसरे औषध तिला ठाऊक नव्हते. शेक झाला की टब मोरीच्या कोपऱ्यात जाई, तो कधी पुरता वाळत नसे.

खरे तर तिलाही ती वेळ आवडायची. लग्नानंतर नवे मशीन आले तेव्हाही ती अशीच खाली बसून काज-बटणे करायची, आणि डोळ्यांपुढे मास्तरांचा पाय खालीवर, खालीवर. लेक तान्ही असताना त्याच आवाजावर झोपायची. मशीन थांबले की टाहो. मग मास्तर नुसतेच, दोरा न ओवता, पायडल मारत बसायचे.

टाचणी रुतली त्याच सुमारास मास्तरांकडे एका शाळेच्या सभागृहाचे पडदे आले होते. जाडजूड, गडद हिरवे कापड. त्याचे तागे घरातसुद्धा येऊन पडले होते, कारण दुकानात जागा पुरेना. एका संध्याकाळी मोजा काढला तर तळव्याच्या जागी हिरवट डाग.

"अहो, हे तुमचं कापड रंग सोडतंय!"

मास्तरांनी मोजा हातात घेतला. दिव्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"सोडतंय खरं," ते म्हणाले. "कच्चा रंग. फसवलं मेल्यानं."

"मग तोंडावर मारा त्याच्या."

"अर्धे पडदे शिवून झालेत. आता कुणाच्या तोंडावर काय मारतेस?"

जखमेत गेलेला रंग निघावा म्हणून त्या दिवसापासून ती पाय जास्त वेळ पाण्यात धरू लागली.

पुढे पट्टीवरही तोच रंग येऊ लागला, आणि गोडसर वास. मलमाचा असेल असे तिला वाटले. सुट्टीत लेक घरी आली ती उंबऱ्यातच थबकली.

"आई, फळं नासलीत का गं कुठं?"

"फळं कुठली घरात?"

लेक वास घेत घेत बापाच्या पायाशी आली. पट्टी सोडली. चपला घातल्या आणि गाडी बघायला गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या. कापसाने जखम पुसून त्यांनी तो बोळा उजेडात धरला.

"काका, हा रंग कधीपासून येतोय?"

"कापडाचा आहे तो," बायको घाईने म्हणाली. "पडद्यांचा. कच्चा निघाला."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "काकू, हा जंतूंचा रंग आहे. ते स्वतःच तयार करतात." त्यांनी जंतूचे नाव सांगितले. ते लांबलचक नाव तिच्या जिभेवर बसेना. "कुठंही ओल असली की असतात हे. मोरीत, नळाच्या तोंडाशी, फुलदाणीतल्या पाण्यात. धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत. शुगर असली, जखम उघडी असली, की मग सोडत नाहीत." मग त्यांनी विचारले, "पाय पाण्यात ठेवत होता का?"

बायकोने तोंड उघडले.

"छे हो," मास्तर म्हणाले. "पाण्याला लावलाच नाही. अंघोळीलासुद्धा पिशवी बांधत होतो."

लेकीने आईकडे पाहिले. आईने मांडीवरची औषधांची पिशवी घट्ट धरली.

मग नुसते बसून राहणे आले. सलाईनमधून एक औषध सुरू झाले, ते बदलून दुसरे आले. या जंतूंवर मुळात औषधे थोडी, त्यातली बरीचशी मास्तरांच्या पायातल्यांना लागूच पडेनात. जंतू हाडात पोचले होते. तिला खाटेजवळ बसायला मुभा होती, पट्टीला हात लावायला नव्हती. रोज हातात घेतलेला पाय आता हातमोजेवाल्यांचा झाला होता. आपल्या हातांचे काय करावे ते तिला कळेना; मांडीवर ठेवी, पुन्हा उचली.

पाय गुडघ्याखाली कापायचे ठरले तेव्हा मास्तर डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "माप तेवढं नीट घ्या हं बाई. एकदा कात्री लागली की आमच्याही धंद्यात काही करता येत नाही."

त्या बिचाऱ्या हसल्या आणि लगेच बाहेर गेल्या.

मास्तर घरी आले. उरलेले पडदे शाळेने दुसरीकडे शिवून घेतले. मशीनखाली तेवढा एक लांब पट्टा राहून गेला होता, कापताना उरलेला. एका दुपारी मास्तरांचा डोळा लागलेला पाहून तिने टबात कोमट पाणी घेतले, मीठ घातले आणि तो पट्टा त्यात बुडवला. जमिनीवर बसली. पाणी निवेपर्यंत बसली. मग कापड चोळले, दोन्ही मुठींनी पिळले.

पाणी स्वच्छ होते. टबाचा तळ दिसत होता.

"पक्कं कापड आहे ते," खाटेवरून मास्तर म्हणाले.

तिने मान वर केली नाही. "ठाऊक होतं तुम्हाला?"

"जन्म गेला कापडात."

"मग तेव्हाच बोलायचं नाही का हो?"

"दवाखान्यात घातलं असतंस. पडदे राहिले असते." मास्तर कुशीवर वळले. "आणि तू रोज येऊन बसायचीस खाली. पाणी गरम का गार, मला कुठं कळत होतं? तुझे हात दिसायचे."

ती उठली, पट्टा झटकला आणि दुसरी जागा न सुचून मशीनच्या पायडलवर वाळत घातला. ओल्या कापडाच्या वजनाने पायडल किंचित खाली गेले. वरचे चाक थोडे फिरले आणि थांबले.