कालव्याच्या पुलावरचा आवाज

मित्रांनो, नवीन जालन्यात बियाण्यांच्या दुकानांमागे एक गल्ली आहे. त्या गल्लीतल्या एका घराच्या पोर्चमध्ये मी उभी आहे. जुनी, लांबलचक, गडद निळी गाडी. उद्या माझ्या जागेवर नवी गाडी येणार आहे. माझ्याच कंपनीची आणि माझ्याच नावाची, पण अंगापिंडाने पार बदललेली आणि इंजिनाने माझ्याहून लहान. ती आली की शोरूमची माणसं मला घेऊन जातील. कुठे, ते मला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून जायच्या आधी माझी हकीकत तुमच्या कानावर घालते. सहा सिलिंडरची गाडी आहे मी, तेव्हा थोडा रुबाब सहन करावा लागेल.

मला या घरात आणलं ते अण्णांनी. अण्णा म्हणजे जगन्नाथ. घनसावंगीच्या पुढे गोदाकाठी त्यांचं गाव. तिथून जालन्याला येऊन त्यांनी आधी दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलली, मग स्वतःची बियाण्याची कंपनी काढली. मी आले तेव्हा गल्लीत जत्रा भरली होती. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि शेजारच्या राधेश्यामशेठनी माझ्या सीटवर बसून पाहिलं आणि उतरायलाच तयार होईनात. अण्णा म्हणाले, "शेठ, पेढा खाली उतरल्यावर मिळंल." तेव्हा कुठे ते उतरले.

माझा आवाज तेव्हापासूनच खर्जातला. मोठ्याने ओरडणं माझ्या स्वभावात नाही, पण चढ लागला की छातीतून एक घुमणारा सूर निघतो. गल्लीतली लहान मुलं तो सूर ऐकून "अण्णा आले" म्हणत. मला त्याचा फार अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

मोठ्या गाडीला मोठे लाड मिळतात, असं तुम्हाला वाटत असेल. पण जालन्यात नळाला पाणी येणार कधी, यावर घरातली सगळी कामं ठरतात. त्यामुळे माझी आंघोळ कायम अर्ध्या बादलीत. आमचा ड्रायव्हर मच्छिंद्र तेवढ्यातच मला आरशासारखी करायचा आणि उरलेलं पाणी तुळशीला घालायचा. डिक्कीत कधी बियाण्यांचे नमुने, कधी मोसंबीच्या जाळ्या, कधी गल्लीतल्या लग्नाचं रुखवत. या गल्लीतल्या किती मुली माझ्यातून सासरी गेल्या आणि माझ्या मागच्या सीटवर किती रडल्या! मी सगळ्यांना जपून पोहोचवलं.

पण माझी सगळ्यात आवडती फेरी वर्षातून एकदाच असायची. भाऊबीजेची.

अण्णांची थोरली बहीण उषाबाई. अण्णा तिला आक्का म्हणत. तिचं सासर घनसावंगीपासून जवळच आहे, आणि गावाच्या अलीकडे कालव्यावर एक पूल आहे. पुलाला चांगला खडा चढ आहे. भाऊबीजेला आक्का सकाळपासून पोटात अन्न घेत नसे. भावाला ओवाळायचं आणि मगच जेवायचं. ताट तयार करून ठेवायची, पण निरांजन पेटवायची नाही. पुलावर माझा आवाज आला की वात लावायची, आणि मी दारात थांबेपर्यंत ताट घेऊन उंबऱ्यात उभी असायची. अण्णा पुलाजवळ आले की मच्छिंद्रला म्हणायचे, "दाब जरा. आक्काला कळू दे."

मच्छिंद्र दाबायचा आणि मी गायची. अख्ख्या शिवारात माझा सूर जायचा. फोन घरात असूनही अण्णांनी कधी "निघालो" म्हणून कळवलं नाही. गरजच नव्हती.

एकदा गंमत झाली. अण्णा तापाने फणफणले होते. त्यांनी साडी देऊन एकट्या मच्छिंद्रला पाठवलं. सवयीप्रमाणे त्याने पुलावर मला दाबलं आणि आक्का सवयीप्रमाणे ताट घेऊन उंबऱ्यात आली. पाहते तर गाडीतून फक्त मच्छिंद्र उतरला. त्याने खाली मान घालून निरोप सांगितला.

आक्का म्हणाली, "आता पेटवलेलं निरांजन माघारी न्यायचं न्हाई. बस पाटावर."

"आक्का, मी तर डायवर हाय."

"मंग काय झालं? डायवरला बहीण नसती का?"

मच्छिंद्रला सख्खी बहीण नव्हती. तो पाटावर बसला आणि ओवाळून झाल्यावर ताटात काय घालावं ते त्याला कळेना. शेवटी डिक्कीतल्या दोन मोसंब्या आणून ठेवल्या. आक्का पदर तोंडाला लावून हसली. पुढच्या वर्षापासून तिच्या ओसरीवर दोन पाट मांडले जाऊ लागले.

आता माझ्या नाकाला मिरच्या कशा झोंबल्या, ते ऐका. गेल्या हिवाळ्यात अण्णांचा मुलगा पार्थ मोबाइल घेऊन पोर्चमध्ये आला. आमच्याच नावाची नवी गाडी येणार होती, तिची चित्रं तो अण्णांना दाखवू लागला. दिवे बारीक, नाक बदललेलं, आत मोठा पडदा. "बाबा, इंजिन लहान केलंय, पण ताकद तेवढीच हाय. पेट्रोल कमी खाती. अन् आवाज तर बिलकुल न्हाई."

मला वाटलं अण्णा हसून उडवून लावतील. कसलं काय! ते चष्मा लावून एकेक चित्र मोठं करून बघत बसले.

मच्छिंद्र माझी काच पुसत होता. तो म्हणाला, "आवाज न्हाई तर चालू झाली हे कळायचं कसं, अण्णा?"

अण्णा म्हणाले, "आपला कपाशीचा बुटका वाण आठव. झाड गुडघ्याएवढं, लोक हसून राह्यले व्हते. बोंडं लागली तवा कोण हसलं? जुन्याच वाणाला धरून बसलो असतो तर आज हे दुकान असतं का?"

म्हणजे मी जुना वाण झाले. मला फार लागलं ते. इतकी वर्षं ज्या माणसाला ऊनपाऊस लागू दिला नाही, तो माझ्यासमोर उभा राहून दुसरीचं कौतुक करत होता. अण्णांनी गाडी नोंदवली. रोज संध्याकाळी पार्थला विचारायचे, "कधी येणार रे ती?" लहान मुलासारखी वाट बघत होते. मी मनातल्या मनात म्हणायची, न येवो.

आणि मग चैत्रात एका दुपारी जेवण करून आडवे झालेले अण्णा उठलेच नाहीत.

मित्रांनो, त्यानंतर माझ्यावर कव्हर टाकलं गेलं. चिडून नव्हे, विसरून. पार्थ त्याच्या छोट्या गाडीने कामाला जायचा. माझी बॅटरी उतरली, उंदरांनी एक वायर कुरतडली, कव्हरवर गल्लीतली मांजर बाळंत झाली. कव्हराखालच्या अंधारात मी एकच विचार करायची. न येवो म्हटलं होतं ते त्या गाडीला, अण्णांना नव्हे. मला त्यांची फार आठवण यायची. कधीकधी पार्थ यायचा, कव्हर न काढताच माझ्या बोनेटला हात लावून उभा राहायचा आणि परत जायचा.

नोंदवलेली गाडी अण्णांची शेवटची हौस, म्हणून ती घ्यायचीच असं पार्थने ठरवलं होतं. दिवाळीच्या पाडव्याला ती येणार आणि मी जाणार, असं ठरलं. पण शोरूमवाल्यांचा फोन आला की गाडी यायला उशीर आहे, भाऊबीजेनंतर देऊ. त्यामुळे मी राहिले.

घरात यंदा सण नव्हता. अण्णांचं वर्ष व्हायचं होतं. आक्काने फोनवर आधीच सांगितलं होतं, "कोणी दगदग करू नका. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. मी चंद्राला ओवाळीन."

भाऊबीजेच्या दुपारी मच्छिंद्रने माझं कव्हर काढलं, वायर जोडून घेतली, नवी बॅटरी बसवली आणि पार्थपुढे जाऊन उभा राहिला. "पार्थदादा, गाडी जाणार हाय. एकदा आक्काकडं नेऊन आणू."

पार्थ म्हणाला, "आवाज ऐकून आत्या ताट घेऊन बाहेर येईल, मच्छिंद्रमामा. अन् बाबा न्हाईत. कसं वाटंल तिला?"

"वाईट वाटंल. पण हा आवाज तिला पुन्हा कधी ऐकू येणार?"

आम्ही निघालो. पार्थ चालवत होता आणि मच्छिंद्र पहिल्यांदाच शेजारी बसला होता. अंबड मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते. मागची सीट रिकामी होती आणि ते रिकामं वजन मला अण्णांच्या वजनापेक्षा जड वाटत होतं.

कालवा आला तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. पार्थने वेग कमी केला. आत्याला कळू नये म्हणून तो मला अगदी हळू, चोरपावलांनी चढवू पाहत होता. पण खड्या चढाला हळू कसं चढायचं, हे मला कुणी शिकवलेलंच नाही. अर्ध्यावर मी धापा टाकू लागले. बंद पडते की काय असं झालं, तेव्हा पार्थला दाबावंच लागलं. आणि माझ्या छातीतून तो सूर निघाला. महिनोन्महिने कोंडलेला होता, त्यामुळे नेहमीपेक्षा जरा मोठाच निघाला. पार्थने कपाळाला हात लावला. मला मात्र बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

दारात थांबलो तर आक्का ताट घेऊन समोर उभी. निरांजन पेटलेलं. मागून तिचा मुलगा अंगद धावत आला. तो पार्थला हळूच म्हणाला, "आई तिकडं चंद्राला ओवाळायला उभी व्हती. गाडीचा आवाज आला अन् ताट घेऊन वळली ती वळलीच." पश्चिमेला उसाच्या वर बीजेची बारीक कोर दिसत होती.

पार्थ उतरला. "आत्या, मी हाय. बाबा…"

"मला येड लागलं न्हाई, पार्था," आक्का म्हणाली. "जगन गेला, मला ठावं हाय. पण आवाज आला अन् पाय वळले. त्याला मी काय करू?"

मच्छिंद्र दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. आक्का थोडा वेळ ताट तसंच धरून होती. मग म्हणाली, "चंद्र लांब हाय. ही दारात आली. मच्छिंदर, पाट आण."

मच्छिंद्रने ओसरीवरून पाट आणला आणि माझ्या पुढच्या चाकापाशी ठेवला. चाक काय पाटावर बसणार? पण कोणी हसलं नाही. आक्काने माझ्या बोनेटवर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी फिरवली आणि निरांजन ओवाळलं. मग आपला सुरकुतलेला तळवा तिने बोनेटवर ठेवला. दूरवरून आल्यामुळे मी तापलेले होते. ती म्हणाली, "ऊन हाय अजून." आणि तेव्हा तिला रडू आलं. पार्थ तिला धरून रडला. मला रडता येत नाही, मित्रांनो. येत असतं तर मी तिथं रडायची थांबले नसते.

मग आक्काने मच्छिंद्रलाही ओवाळलं. त्याने या वेळीही दोन मोसंब्या आणल्या होत्या. सगळे जेवायला बसले. जेवता जेवता पार्थ म्हणाला, "आत्या, ही गाडी मी देत न्हाई कोणाला. तुझ्याच दारात ठेवतो."

माझा जीव सुपाएवढा झाला. पण आक्काने मान हलवली.

"उभी करून काय करू? कोंबड्या अंडे देतील तिच्यात. उभ्या गाडीला गंज लागतो, बाबा. कोणी चालवणारा असंल त्याला दे." घास खाली ठेवून ती पुढे म्हणाली, "जगननं नवी मागवली व्हती. मला फोनवर सांगून राह्यला व्हता, आक्का, बुटक्या वाणासारखी हाय, तुला बसवून नाथसागराचं धरण दाखवतो. त्याची हौस हाय ती. ती आण. मी बसते तिच्यात."

"पण आत्या, तिला आवाज न्हाई. पुलावर आलो तरी तुला कळणार न्हाई."

आक्काने विचारलं, "हॉर्न हाय का तिला?"

"हाय की."

"मंग पुलावर वाजव. मला कळू दे."

अण्णांचेच शब्द होते ते. पार्थने हातातली भाकरी ताटात ठेवली आणि नुसती मान डोलावली.

आज सकाळी मच्छिंद्रने मला शेवटची आंघोळ घातली. अर्ध्या बादलीतच. बोनेटवरच्या कुंकवाच्या भोवतीने त्याने फडकं फिरवलं, कुंकू पुसलं नाही. उरलेलं पाणी तुळशीला घातलं आणि माझ्या आरशावर उगाच दोनदा हात फिरवला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मीही सांगते, निदान कव्हराखाली कोणाला विसरू नका. पण त्याहून मोठी एक गोष्ट सांगायची आहे. तुमच्या येण्याचा आवाज कुठेतरी, कोणाच्या तरी कानात बसलेला असतो. सायकलची घंटी असेल, फाटकाची कडी असेल, जिन्यावरच्या चपला असतील. ते माणूस तुमच्यासाठी थांबलेलं असतं. त्याला कळू द्या.

आणि नव्या गाडी, तुझा राग आता माझ्या मनात नाही. तू अण्णांनी स्वतः निवडलेली आहेस, तुझं इंजिन लहान असलं म्हणून काय झालं. अंबडवरून जा, उसाच्या ट्रॅक्टरांना सांभाळून घे. कालव्याचा पूल लागला की हॉर्न वाजवायला विसरू नकोस. आक्का सकाळपासून उपाशी असते.