राखीव बाकावरचा आवाज

टिटवी हे नाव तिला बाबांनी ठेवलं होतं. काटकुळे पाय आणि अखंड चालणारं तोंड, दुसरं काय ठेवणार? घरात ती दात घासतानाही बोलायची. बाबा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होते. दिवसभर अंधाऱ्या बोगद्यात तारांशी झटापट करून आल्यावर त्यांना ती बडबड बरी वाटायची. आई मात्र म्हणायची, "अगं, आधी घास गिळ, मग बोल. वाक्य कुठे पळून जात नाही."

नववीत ती मोठ्या शाळेत गेली आणि तिची बोलतीच बंद झाली.

आधीची शाळा गल्लीच्या टोकाला होती. तिथे शिपाईकाकासुद्धा तिला तिच्या भावंडांवरून ओळखायचे. इथे नुसत्या नववीच्याच इतक्या तुकड्या की पहिल्या आठवड्यात ती दोनदा भलत्याच वर्गात जाऊन बसली. जिन्यावरून वरच्या वर्गाची मुलं लोंढ्यासारखी उतरायची, आणि ही दप्तर पोटाशी धरून कठड्याला चिकटून उभी राहायची. वर्गात हजेरीला "हजर" म्हणायची, तेवढाच दिवसभरातला शब्द.

तिची ताई याच शाळेतून शिकून गेली होती. ती म्हणाली, "कशात तरी नाव घाल. नाटक, वाद्यवृंद, काहीही. नाहीतर चार वर्षं कठडा पुसत काढशील."

टिटवीने फुटबॉलमध्ये नाव घातलं. कारण एकच, फुटबॉलमध्ये बोलावं लागत नाही.

धावायला ती बरी होती. चेंडू मात्र तिचं ऐकत नसे. क्रीडाशिक्षकांनी, म्हणजे सगळे ज्यांना नुसतं 'सर' म्हणत त्यांनी, आठवडाभर पाहिलं आणि तिला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवलं. तिथे आणखी एक नववीचीच मुलगी होती, चष्मिष. सरावाला येताना ती चष्मा काढून डब्यात ठेवायची, त्यामुळे तिला चेंडू आपल्या दिशेने आल्याचं तो लागल्यावरच कळायचं. नववीतली एकच मुलगी मुख्य संघात होती. ती डावीकडून बचाव करायची. तिच्याजवळून काही म्हणजे काही पुढे जात नसे, म्हणून तिला सगळे 'भिंत' म्हणायचे आणि ती ते नाव पदकासारखं मिरवायची.

मैदानाला लागून तळमजल्यावर वाचनालय होतं. तिथल्या ग्रंथपाल बाई धिप्पाड होत्या आणि आवाज असा की त्यांनी "शांतता राखा" म्हटलं की खिडकीतली कबुतरं उडत. त्या महिन्यात मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घेतलं.

"नववीची मुलं तुमच्याकडे फिरकत नाहीत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "संगणकवाल्यांचा त्या खोलीवर डोळा आहे. मी किती दिवस थोपवू?"

"विहीर तहानलेल्याकडे जात नाही म्हणतात," बाई म्हणाल्या. "बघू, जाते का."

त्या खोलीत परत आल्या, खिडकीतून बाहेर बघत राहिल्या, आणि त्यांना तो बाक दिसला. शाळा सुटल्यावर रोज तासभर तिथे मुली नुसत्या बसून असतात हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं, पण लक्षात आज आलं. त्यांनी कापडी पिशवीत काही पुस्तकं भरली आणि सरळ मैदानात गेल्या.

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "बाई, हे मैदान आहे."

"आणि हा बाक आहे. चालू द्या तुमचं."

मुलींनी पिशवीकडे पाहिलं आणि कोणीच हात लावला नाही. बाईंनी आग्रह केला नाही. पिशवी तिथेच ठेवून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कंटाळून टिटवीने एक पुस्तक काढलं. समुद्रातल्या खडकावर दीपगृह आणि ते सांभाळणारी एक बाई. पहिल्याच पानावर दिवा बिघडतो आणि धुक्यात एक बोट येत असते. चष्मिषने मान पुढे केली. "मला अक्षरं दिसत नाहीत. वाच ना मोठ्याने."

"चष्मा लाव की."

"मैदानात चष्मा लावला तर सर ओरडतील. तू वाच."

टिटवीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात वाचायला सुरुवात केली. आधी ती एकेक शब्द तोडून वाचत होती. मग बोट जवळ आली, वारा सुटला, आणि ती विसरलीच की आपण शाळेत आहोत. दीपगृहातल्या बाईला तिने जाडसर आवाज दिला, खलाशाला नाकातला. चष्मिष हसत सुटली. बाकावरच्या बाकीच्या दोघीही सरकत जवळ आल्या.

आठवड्याभरात पाणी प्यायला येणाऱ्या मुली तिथेच रेंगाळू लागल्या. बारावीची कप्तान ताई, जी नववीच्या मुलींशी सहसा बोलत नसे, घाम पुसत विचारायची, "मग? बोट आपटली का?" एकदा तर गोलकीपर कान देऊन ऐकत बाकाकडे इतकी सरकली की मागून चेंडू आरामात जाळीत गेला.

सर तरातरा आले. "उद्यापासून इथे पुस्तक दिसलं तर बाकच काढून टाकीन."

ते ऐकून ग्रंथपाल बाई खिडकीतूनच म्हणाल्या, "बाक नका काढू, सर. मुलीच मधल्या सुट्टीत माझ्याकडे पाठवा. गोष्ट अर्धी राहिली तर सरावात कोणाचं लक्ष लागायचं नाही."

सरांना हे पटलं. पटलं नसतं तरी सांगणार कोणाला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाकावरच्या मुली वाचनालयात आल्या, पाठोपाठ अर्धा संघ आला, आणि बुटांची माती बघून बाईंनी दारात पायपुसणं टाकलं. भिंत तेवढी आली नाही. "वाचायला लागलं की मला झोप येते," ती म्हणाली, आणि मैदानात एकटीच चेंडू भिंतीवर आपटत राहिली.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळेशी सामना होता, आपल्याच मैदानावर. पालक आले, वर्गच्या वर्ग आले. माईकवरून सामन्याचं वर्णन करायचा मान अकरावीच्या एका मुलाकडे असे. त्या दिवशी त्याचा घसा असा बसला होता की तोंडातून नुसती हवा येत होती. सर धावत वाचनालयात गेले.

"बाई, तुमचा आवाज मोठा आहे. तुम्हीच या."

"आवाज आहे हो, पण मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तुमच्या बाकावरच्या टिटवीला विचारा."

दोघं बाकापाशी आले आणि सरांनी विचारलं, तशी टिटवी मागे सरकली. "मी नाही. मला नाही जमणार."

"का?"

"एवढ्या लोकांपुढे?"

"लोकांकडे बघायचंच नाहीये तुला," बाई म्हणाल्या. "पुस्तक वाचतेस तसंच वाचायचं. फक्त पान पळतं आहे, एवढं धरून चल."

चष्मिषने तिला दंडाला धरून उठवलं आणि माईकसमोर बसवलं. शिट्टी झाली. टिटवीने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. माईकमधून तिचा श्वास सगळ्या मैदानावर ऐकू गेला. मागून कोणीतरी म्हणालं, "आज वाऱ्याचं वर्णन आहे वाटतं."

तेवढ्यात समोरच्या संघाची एक उंच मुलगी चेंडू घेऊन थेट आत घुसली, आणि टिटवीच्या तोंडून निघून गेलं, "ही बघा, कशी हिंडते आहे, जशी काही घरचीच ओसरी."

लोक हसले. तशी ती माईकजवळ सरकली.

"चेंडू आपल्या गोलकीपरकडे पाहुणा म्हणून आला, आणि तिने त्याला दारातूनच परत पाठवलं. आता कप्तान ताईकडे आहे. समोर दोघी. एकीला हुलकावणी. दुसरी मात्र हटायला तयार नाही, बसच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसासारखी."

पालक मैदान सोडून तिच्याकडे वळून बघू लागले. ती रंगात आली. मग पूर्वार्ध संपता संपता त्या उंच मुलीने डावीकडून चेंडू मारला, तो भिंतीच्या दोन पायांमधून गेला आणि गोल झाला.

"घ्या," टिटवी माईकवर म्हणाली. "भिंतीला खिडकी पडली."

हशाचा स्फोट झाला. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा. टिटवीही हसली. मग तिला मैदानात भिंतीचा चेहरा दिसला.

मध्यंतरात ती तिला शोधत गेली. भिंत नळाच्या मागे तोंडावर पाणी मारत उभी होती, पण डोळ्यांचा लालपणा पाण्याने जात नव्हता.

"माझं चुकलं," टिटवी म्हणाली.

"तुझ्या पायांमधून कधी चेंडू गेला नाही," भिंत म्हणाली, "कारण तुला कोणी आत सोडलंच नाही."

"खरं आहे."

"माझी आई आली आहे बघायला. सगळ्यांबरोबर तीही हसली."

टिटवी तिथून वळली. ती परत आली ती थेट बाईंकडे. "मी पुढे बोलणार नाही. दुसऱ्या कोणाला बसवा."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "चूक केलीस माईकवर आणि निस्तरणार बाकावर बसून?"

"पण मी काय बोलू?"

"ते मी कसं सांगू? मला तर अजून चेंडू कुठे आहे तेच दिसत नाहीये."

उत्तरार्ध सुरू व्हायच्या आधी टिटवीने माईक हातात घेतला. "पूर्वार्धात मी एक विनोद केला. तो वाईट होता. ज्या मुलीवर केला, तिने त्याच्याआधी डावीकडून आलेली प्रत्येक चढाई परतवली होती. ते मी सांगितलंच नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आता नीट बघून सांगते."

मग कोणीतरी एक टाळी वाजवली, बहुतेक सरांनी.

त्यानंतर ती बोलली ते वेगळंच होतं. विनोद होते, पण चेंडूवर, वाऱ्यावर, स्वतःवर. "असा चेंडू मी मारला असता तर तो मुख्याध्यापिकांच्या खोलीत सापडला असता." आणि मधेमधे ती लोकांना जे दिसत नाही ते दाखवत होती: कप्तान ताई पास द्यायच्या आधी कशी एकदा मागे बघते, गोलकीपर मुलींना हळूच कशी जागा सांगते. भिंतीने एक चेंडू जमिनीवर लोळण घेत अडवला तेव्हा टिटवी म्हणाली, "हा गोलच होता. फक्त ती मधे होती." टाळ्या उशिराने पडल्या, पण पडल्या.

आपला संघ एका गोलने हरला. तरी घरी जाताना लोक हरल्यासारखे दिसत नव्हते.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "खेळलीस का आज?"

"नाही."

"मग घसा कशाने बसलाय?"

तिने सगळं सांगितलं, खिडकीच्या विनोदासकट. ताईने हसू दाबलं. बाबा भाकरी मोडता मोडता थांबले.

"लिफ्ट पहिल्यांदा चालू करताना आम्ही माणसं बसवत नाही," ते म्हणाले. "आधी रिकामी खालीवर करतो. तू एकदम भरलेली नेलीस. धक्का बसणारच. पण अडकल्यावर दार उघडून पळाली नाहीस, ते बरं केलंस."

"तिने माफ केलं का?" आईने विचारलं.

"माहीत नाही. काही बोलली नाही."

सोमवारी मधल्या सुट्टीत वाचनालयाच्या दारात नववीची अनोळखी मुलं उभी होती. "ती माईकवाली मुलगी इथे वाचून दाखवते ना?" एकाने विचारलं. चष्मिषने, जी आता चष्मा लावूनच यायची, त्यांना आत घेतलं आणि सगळ्यांना दम दिला, "डबे बाहेर. पाय पुसून. जागा नसेल तर खाली बसा." बाईंना बोलायला काही उरलंच नाही.

नाटकाच्या शिक्षिकाही येऊन गेल्या. त्यांना पडद्यामागून बोलणारी एक मुलगी हवी होती. टिटवी म्हणाली, घरी विचारून सांगते. विचारायचं काही नव्हतं, पण एकदम हो म्हणायची तिला अजून सवय झाली नव्हती. खोलीचं काय होणार हेही ठरलं नव्हतं. संगणकवाले मापं घेऊन गेले होते. मात्र त्या दिवशी मुख्याध्यापिका दारापर्यंत आल्या, आत पाय ठेवायला जागा नाही हे बघून तशाच परत गेल्या, आणि बाईंनी ते आतून पाहिलं.

टिटवी नवीन पुस्तक उघडणार तोच भिंत आली. दारात थांबून तिने बूट घासघासून पुसले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"काय वाचणार आहात?" तिने कोणाकडेच न बघता विचारलं.

"अजून ठरलं नाही," टिटवी म्हणाली. "तू निवड."

भिंत कपाटांच्या मधून बराच वेळ हिंडली आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. वाळवंटात रस्ता बांधणाऱ्या माणसांचं होतं. ते तिने टिटवीपुढे धरलं, मग परत मागे घेतलं.

"मीच वाचू का थोडं? माझं वाचणं अडखळत असतं."

"वाच ना," टिटवी म्हणाली आणि आपली खुर्ची तिला दिली.

भिंत वाचू लागली. पहिल्या ओळीत दोनदा अडली. एक शब्द तिने चुकीचा वाचला, तो परत वाचला, तेव्हाही चुकला. मागे कोणाच्या तरी ओठांवर हसू आलं, पण चष्मिषने वळून पाहिलं आणि ते विरलं. तिसऱ्या पानावर वाळूचं वादळ आलं तेव्हा भिंतीचा आवाज आपोआप वाढला, आणि खाली जमिनीवर बसलेली टिटवी गुडघ्यांवर हनुवटी टेकवून, तोंड मिटून ऐकत होती.