रेडिएटरवरचे अकरा रुमाल

बॉनेटमधून वाफ निघत होती आणि पन्नास माणसं टाळ्या वाजवत होती.

पिनियन वेल्सच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर दर शनिवारी सकाळी हे असंच चालायचं. तिथूनच म्यूल हिलचा सहा मैलांचा चढ सुरू होतो. ॲरिझोनाच्या जुलैत निम्म्या गावाच्या गाड्या त्या चढावर तापायच्या, धापा टाकायच्या आणि मागे फिरून पंपावर यायच्या. पांढरा सूट, पांढरे बूट घातलेला ब्रदर लेस्टर पॉटीट त्यांची वाटच पाहत असायचा. गाड्यांना बरं करणं हे त्याचं ईश्वरी कार्य होतं. माणसांना बरं करणारे पुष्कळ होऊन गेले, पण माणूस उद्या येऊन तक्रार करतो. गाडी तोंड उघडत नाही, हे लेस्टरने बरोब्बर हेरलं होतं.

आज पुढ्यात ऑरिन स्टबची जुनी पिकअप होती. लेस्टरने डोळे मिटून बॉनेटवर तळहात ठेवला आणि किंचाळून मागे घेतला.

"पाहिलंत? सैतान चावला!"

"आमेन!" गर्दी म्हणाली.

"काय होतंय हिला, ऑरिन?"

"तापते, ब्रदर. आणि चढावर ओढतच नाही. पाय पार खाली दाबला तरी वीसच्या वर जात नाही."

"ओढेल कशी? इंजिनात शंका शिरलीय! गाडीत अविश्वासू माणूस बसतो का कुणी?"

ऑरिनने मान खाली घातली. गर्दीतल्या सगळ्यांनी पिकअपच्या सीटकडे पाहिलं. तिथे त्याची मेव्हणी इमोजीन टॅकेट बसली होती.

इमोजीनबाईंनी तीस वर्षं गावच्या हायस्कुलात मोटारदुरुस्ती शिकवली होती. पुढे शाळेने तो वर्गच बंद केला आणि त्या जागी व्यायामाची यंत्रं आणून ठेवली. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्यांच्या हाताखालून गेलेले निदान वीस जण होते, आणि ते पाहून बाईंना स्वतःचीच लाज वाटत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यामुळे त्यांचं गाडी चालवणं सुटलं होतं. नाहीतर शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीला, ऑरिनच्या बायकोला, व्हेल्डाला, त्यांनी ऑरिनच्या भरवशावर सोडलंच नसतं.

व्हेल्डाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डोंगरापलीकडच्या शहरात तिचं रक्त मशीनवर धुवायला न्यावं लागे. गुरुवारी पिकअप चढावर बसली आणि तिची पाळी चुकली. तेव्हापासून तिचे पाय सुजले होते, दोन पावलं टाकली की दम लागत होता. आज बाराला मशीन होतं. आता साडेदहा वाजत होते आणि शहर अर्ध्या तासाच्या अंतरावर होतं.

"अर्धा तास इंजिन बंद!" लेस्टर गरजला. "अर्धा तास गाणी! मग चालू करायचं, हीटर फुल्ल सोडायचा, काचा वर! पाप घामावाटे निघालं पाहिजे!"

"हीटर?" इमोजीनबाई खिडकीतून ओरडल्या. "बाहेर एकशे बारा फॅरनहाइट आहे, मेल्या! हिला दिवसाला चार पेले पाण्याची मुभा आहे, हिचा घाम काढतोस?"

"जाऊ दे गं इमोजीन," व्हेल्डा बर्फाचा खडा चघळत पुटपुटली. "गेल्या महिन्यात खरंच चालली होती गाडी."

ती चालली होती, हीच तर पंचाईत होती. बुधवारी बाईंनी ऑरिनच्या दारात अख्खा दिवस घालवला होता. कूलंट भरलेलं, पट्टा घट्ट, पंप ठीक. थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडणारी झडप, काढून त्यांनी व्हेल्डाच्या स्वयंपाकघरात सूपच्या पातेल्यात उकळला. तो शहाण्यासारखा उघडला. इंजिनातून रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नव्हते, म्हणजे हेड गॅस्केटही शाबूत होतं. बॉनेटखालचं सगळं परीक्षेत पास झालं होतं. "बघ, मशीनचा दोष नाहीच," असं ऑरिन विजयाने म्हणाला होता.

बाहेर गाणी सुरू झाली. पहिलं गाणं संपलं तसा लेस्टर पुढे झाला. त्याच्या हातात तेलाने निथळणारा एक रुमाल होता.

"ऑरिन, तुझा बारावा! वीस डॉलर डब्यात टाक आणि आधीच्या अकरांच्या शेजारी बांध. जिथे वारा पहिल्यांदा लागतो तिथेच बांधायचा, म्हणजे वारा प्रार्थना घेऊन आत जातो!"

इमोजीनबाई ताठ बसल्या. "व्हेल्डा, गाडीच्या समोरच्या जाळीवर ते लालनिळं काय आहे? मला वाटलं, चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या पताका राहिल्यात."

"पताका कसल्या? ब्रदरचे मंतरलेले रुमाल. अख्ख्या गावाने बांधलेत."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षं त्या पोरांना सांगत आल्या होत्या, बॉनेट उघडण्याआधी गाडीला समोरून एक चक्कर मारा. आणि स्वतः मात्र धूसर डोळ्यांनी थेट बॉनेटमध्ये शिरल्या होत्या. त्या दार उघडून खाली उतरल्या, चाचपडत समोर गेल्या आणि हात लावला. तेलकट फडक्यांचा बोटभर जाड थर, त्यात धूळ, टोळ, फुलपाखरं अशी घट्ट बसली होती की वाऱ्याला आत जायला सुईएवढी वाट नव्हती.

"ऑरिन, इंजिन चालू कर. दोनच मिनिटं."

"अर्धा तास झाला नाही अजून!"

"ऑरिन स्टब," व्हेल्डा खिडकीतून म्हणाली, "माझी बहीण सांगतेय ते कर."

चाळीस वर्षांच्या संसारात हा आवाज ऑरिनने तीनदाच ऐकला होता. त्याने किल्ली फिरवली. बाईंनी एका माणसाच्या हातातलं ब्रदर लेस्टरचं पत्रक ओढून घेतलं. त्यावर लेस्टरचाच हसरा फोटो होता.

"इकडे बघा सगळे! आतला पंखा समोरून हवा ओढतो. रेडिएटरला वारा लागत असेल तर हा कागद जाळीला चिकटून राहिला पाहिजे." त्यांनी पत्रक रुमालांवर टेकवलं आणि सोडलं. लेस्टरचा फोटो गिरक्या घेत धुळीत पालथा पडला.

"शंका!" लेस्टर ओरडला. "बाईंच्या हाताला शंका लागलीय!"

"मग तू लाव. तुझ्या गाडीला लाव."

लेस्टरची पांढरी गाडी सावलीत एसी चालू ठेवून उभी होती. दर दोन गाण्यांमध्ये ब्रदर तिच्यात बसून गार होऊन यायचा. तो जागचा हलेना. शेवटी बाईंची जुनी विद्यार्थिनी डार्ला, जी आता गावची पोस्टमास्तर होती, पत्रक उचलून गेली. तिने ते पांढऱ्या गाडीच्या जाळीजवळ नेलं मात्र, फट्‍कन चिकटलं. डार्लाने हात सोडला. फोटोतला लेस्टर तिथून सगळ्यांकडे बघून हसत राहिला.

"ब्रदर," डार्ला म्हणाली, "तुमच्या गाडीला एकही रुमाल नाही?"

"मला... मला थेट वरून मिळतं."

पहिला हसला तो ऑरिन, आणि मग त्याचा चेहरा एकदम पडला. तो खाली उतरला, समोर आला आणि रुमाल फाडायला लागला.

"पण बाई," कुणीतरी विचारलं, "गाडी बरी व्हायची ती कशी?"

"अर्धा तास बंद ठेवली की कुठलीही गाडी गार होते, गाणं म्हणा नाहीतर शिव्या द्या. आणि हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता काढून तो तुमच्या अंगावर टाकतो. पुढे उतार लागला की गाडी पळणारच. दर वेळी तुम्ही रुमाल वाढवलात, दर वेळी वारा कमी झाला. इंजिन भाजून निघालं की त्याचा दम जातो, मग ते ओढेल कसं? तुमच्या गाड्यांना रोग नव्हता रे, उपचार झाला होता." बाई लेस्टरकडे वळल्या. "हीटरची युक्ती माझ्याच वर्गातली. वार्षिक परीक्षेत याने तेवढं एकच उत्तर बरोबर लिहिलं होतं. त्यावर मी याला नापास केलं, आणि तुम्ही याला ब्रदर केलंत!"

लेस्टर डबा काखोटीला मारून, गाड्यांवर शिंपडायच्या पवित्र पाण्याचा कॅन उचलून गाडीत शिरायला लागला. पत्रक जाळीवर तसंच फडफडत होतं. डार्लाने त्याच्या हातातला कॅन मात्र काढून घेतला.

"हे राहू दे. पाणी खरं आहे."

इंजिन नीट निवल्यावर बाईंनी ते पाणी कूलंटच्या बाटलीत ओतलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी पिकअप चढाला लागली. पहिल्या वळणावर ऑरिनचा हात सवयीने हीटरकडे गेला आणि व्हेल्डाने त्यावर सणसणीत चापट मारली. चौथ्या मैलाला गाडी पंचेचाळीसने चालली होती. तापमानाचा काटा मधोमध होता. ऑरिन रडत होता.

"गुरुवारी तू मेली असतीस, व्हेल्डा. मी स्वतःच्या हाताने बांधले गं ते."

"पुढे बघ," ती म्हणाली. "बाराला मशीन आहे."

बाराला पाच मिनिटं कमी असताना ती मशीनला लागली. इमोजीनबाईंनी तिच्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवला, आणि मग सकाळपासून आवरून धरलेलं रडू त्यांनीही येऊ दिलं.

लोक अजून बाईंना विचारतात, प्रार्थना करणं चूक का? बाई म्हणतात, मुळीच नाही. मागायचं ते खुशाल मागा. पण मागून झालं की डोळे उघडा, गाडीला समोरून एक चक्कर मारा आणि रेडिएटरला वारा लागू द्या.