अर्धा इंच वाट

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, डोंगरापलीकडच्या खेचरवाटेचा. मोटारी नव्हत्या तेव्हा मीठ आणि लोकर लादलेली खेचरे त्या वाटेने खिंड ओलांडत. आता ती वाट इतिहासजमा झाली आहे आणि हौशी लोक ती मुद्दाम बघायला जातात. मला ती तोंडपाठ आहे, पण मी स्वतः तिथे कधी गेलेलो नाही. घरबसल्या साऱ्या गावाची माहिती सांगणारी माणसे असतात ना, त्यांतलाच मी.

भूमापन कचेरीतल्या एका चष्मेवाल्या आरेखकाने मला काढले. एका इंचाला चार मैल हे माझे प्रमाण. रेघ केसभर हलली, तरी तो कागद बाजूला टाकून नव्याने सुरुवात करी. पुढे तीस वर्षे मी त्या कचेरीच्या भिंतीवर मानाने टांगलेला होतो. साहेब छडीने माझ्यावरचे सराई, विहीर असे मुक्काम दाखवत आणि "नकाशात आहे म्हणजे आहेच," असे सांगत. ते ऐकून मी फुगून जात असे. मग नवे नकाशे आले आणि माझी आठ घड्या घालून रद्दीत रवानगी झाली.

तिथे मी शिंपीकाकांना सापडलो. त्यांचे वडील त्याच वाटेवर खेचरे हाकत, म्हणून काकांनी मला छातीशी धरून दुकानात आणले. तोवर मधल्या घडीवर फाटून माझे दोन तुकडे झाले होते. काकांनी माझ्या पाठीला मांजरपाट लावला, फाटलेल्या कडा एकमेकींवर चढवल्या आणि वरून बारीक टीप मारली. शिवणीत असा जादा कडेचा दाब ठेवला नाही तर ती उसवते, हे त्यांच्या हाताला पक्के ठाऊक. कापडाचा नियम नकाशाला लावू नये, हे त्यांना कोण सांगणार? त्या दाबाखाली माझी अर्धा इंच वाट गडप झाली. मी मात्र पुन्हा अखंड झालो म्हणून खूश होतो. काही वर्षे गिऱ्हाइकांनी माझे कौतुक केले, मग मी फळीवर धूळ खात पडलो.

यंदा काकांची थोरली बहीण आली. तिला सगळे ताई म्हणतात. दवाखान्यात नर्स होती, आता सत्तरीची आहे आणि तिचा गुडघा कुरकुरतो. जिवात जीव आहे तोवर बाबांची वाट एकदा चालायची, असे तिने मनात घेतले होते. डॉक्टरांनी बजावले होते, दिवसाला सहा मैल, त्यापुढे पाऊल नाही. काकांनी मला कापायच्या टेबलावर पसरले, वाटेच्या वळणांवरून दोरा फिरवला आणि तो टेपवर मोजला.

"सराई ते विहीर दीड इंच. म्हणजे सहा मैल. मापात बसलं बघ."

ताईने वाटेवरून बोट फिरवले. "यात घंटेचा दगड कुठाय? बाबा सांगायचे ना, तो ठोकला की घंटेसारखा वाजतो आणि थेट खाली विहिरीवरची माणसं जनावरांसाठी पाणी काढून ठेवतात."

"नकाशात नाही म्हणजे नाहीच. बाबा तिखटमीठ लावून सांगायचे, तुला ते खरं वाटायचं."

ताईने चष्मा काढून ठेवला. "बाबा वर्षातून दोन महिने घरी असायचे. उरलेले दहा महिने मी त्यांच्या गोष्टींवर काढलेत. त्याही खोट्या असतील, तर मला नाही जायचं."

मित्रांनो, तेव्हा मला माझीच लाज वाटली. माझ्या नावाचा आधार घेऊन एका मेलेल्या माणसाला खोटे ठरवले जात होते आणि मला बोलता येत नव्हते.

काका खालमानेने माझी घडी घालू लागले. मधल्या शिवणीवर त्यांचा अंगठा फिरला आणि तिथेच थांबला. "ताई, थांब जरा. इथे मी दाब घेतलाय."

त्यांनी एकेक टाका उसवला. खाली उन्हाने न विटलेली वाट निघाली आणि तिच्यावर आरेखकाच्या बारीक अक्षरात लिहिलेले होते, घंटेचा दगड. काकांनी तुकडे कडेला कड लावून दोरा पुन्हा फिरवला. दोन इंच भरले, म्हणजे आठ मैल.

"बाबांना मी खोटं ठरवलं," काका म्हणाले. "आणि तुला विहिरीच्या दोन मैल अलीकडे तहानेनं बसवलं असतं."

ताईने डोळे पुसले. "दगड चार मैलांवर आहे ना? तिथं तंबू टाकू. दुसऱ्या दिवशी विहीर. आणि तुझी गिऱ्हाइकं ब्लाउज घट्ट होतो म्हणून का ओरडतात, ते आज कळलं."

काका मला पुन्हा जोडायला निघाले होते, पण ताईने अडवले. आता एक तुकडा तिच्या पिशवीत आहे आणि एक काकांच्या. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा आणि फाटल्या तर सांधाही. पण सांधताना आपल्या हाताखाली काय झाकले जाते आहे, तेवढे आधी वाचून घ्या.

परवा पहाटे आम्ही निघणार. ताईने सामानात एक छोटी हातोडी ठेवली आहे. विहिरीवर आता कोणी नसते, असे काका म्हणाले.

"नसू दे," ताई म्हणाली. "आम्ही येतोय, एवढं कळवायचं."